चार संघ, एक पासपोर्ट आणि समुद्रात ओढलेली रेघ

ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान केअर स्टार्मर मुंबईला आले, ते व्यापारासाठी. भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या मुक्त व्यापार करारावर २४ जुलै रोजी सह्या झाल्या होत्या आणि त्या करारातून प्रत्यक्ष धंदा कसा उभा करायचा हे बोलण्यासाठी सव्वाशेच्या घरातले शिष्टमंडळ त्यांच्याबरोबर होते. तरीही दोन दिवसांच्या त्या भरगच्च दौऱ्यातून वेळ काढून ते कूपरेजच्या मैदानावर गेले आणि प्रीमियर लीग या इंग्लंडमधल्या अव्वल फुटबॉल लीगच्या उपक्रमातल्या प्रशिक्षकांना भेटले. यात नवल काही नाही. पोलाद, जहाजे, मोटारी या ब्रिटिश मालाची सद्दी कधीच संपली. पण शनिवार-रविवारचे फुटबॉल सामने हा ब्रिटिश माल आजही कोल्हापुरात तितक्याच आवडीने पाहिला जातो जितका नायजेरियातल्या लागोसमध्ये.

गंमत अशी की, मुंबईपर्यंत बिनबोभाट पोहोचणारा हा माल शेजारच्या युरोपात जाता-येता अडखळतो. कुठे सोळा वर्षांचा खेळाडू अडतो, कुठे जर्सींचे खोके अडते, कुठे एखाद्या गावाचा क्लब नेमका कोणत्या देशाचा हाच प्रश्न उभा राहतो. याचे एका शब्दातले उत्तर ‘ब्रेक्झिट’, म्हणजे ब्रिटनचे युरोपीय संघातून बाहेर पडणे, असे दिले जाते, आणि ते चूक नसले तरी अपुरे आहे. आपण ज्याला सरसकट ‘इंग्लंड’ म्हणून मोकळे होतो, तो देश फुटबॉलच्या नकाशावर चार तुकड्यांत आहे, पासपोर्टाच्या नकाशावर एक आहे आणि मालवाहतुकीच्या नकाशावर सध्या दोन भागांत वाटलेला आहे. हे तीन नकाशे एकावर एक ठेवले तर त्यांच्या रेघा जुळत नाहीत, आणि जिथे त्या जुळत नाहीत तिथेच सगळे भांडण आहे.

पहिला नकाशा सर्वांत जुना आहे. इंग्लंडची फुटबॉल संघटना १८६३ मध्ये स्थापन झाली, स्कॉटलंडची १८७३ मध्ये, वेल्सची १८७६ मध्ये आणि आयर्लंडची (आता ती उत्तर आयर्लंडपुरतीच आहे), जिचे मुख्यालय बेलफास्टला होते आणि आहे, ती १८८० मध्ये. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिक येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला आणि गोलशून्य बरोबरीत सुटला. फिफा ही जागतिक संघटना १९०४ ची. म्हणजे ती जन्माला आली तेव्हा हे चौघे आधीच घरात बसलेले होते. त्यामुळे एका सार्वभौम राष्ट्राचे चार संघ ही सवलत त्यांना मिळाली, आणि खेळाचे नियम ठरवणाऱ्या मंडळातल्या आठ मतांपैकी चार मते आजही या चौघांची आहेत. हा वारसा ते जिवापाड जपतात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा एकत्र संघ उतरवायचे ठरले, तेव्हा स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या संघटनांनी नाके मुरडली. एकदा एकत्र खेळलो तर उद्या कोणी तरी ‘मग कायमचेच एकत्र खेळा’ म्हणेल ही त्यांची भीती होती.

क्लबांनी तर राष्ट्रांच्या सीमाही पाळलेल्या नाहीत. कार्डिफ, स्वान्सी आणि रेक्सहॅम ही वेल्समधली गावे, पण त्यांचे क्लब इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतात. कार्डिफने १९२७ मध्ये आर्सेनलला हरवून इंग्लंडचा एफए कप वेल्सला नेला, तो इंग्लंडबाहेर गेल्याची ती एकमेव वेळ. बेरिक हे गाव इंग्लंडमध्ये आहे, पण तिथला क्लब स्कॉटिश फुटबॉलमध्ये आहे. ऑस्वेस्ट्री इंग्लंडमध्ये आहे, पण तिथे घरचे सामने खेळणारा ‘द न्यू सेंट्स’ हा क्लब वेल्सच्या लीगचा विजेता म्हणून युरोपात खेळतो. जोपर्यंत माणसे आणि माल सगळीकडे मोकळेपणाने फिरत होते, तोपर्यंत या गोष्टी प्रश्नमंजूषेत विचारण्याच्या लायकीच्या होत्या, त्यापलीकडे त्यांना महत्त्व नव्हते. एका क्लबाच्या बाबतीत मात्र तसे नव्हते. त्याच्याकडे पुढे येऊ.

युरोपीय संघातून बाहेर पडायचे की नाही यावर ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले, तेव्हा फ्रान्समध्ये युरो ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा ऐन रंगात होती आणि इंग्लंड, वेल्स, उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र देश असलेले आयर्लंड प्रजासत्ताक असे ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड या दोन बेटांवरचे चार संघ तिथे खेळत होते. संपूर्ण ब्रिटनचा कौल ५१.९ टक्के विरुद्ध ४८.१ टक्के असा बाहेर पडण्याच्या बाजूने लागला. पण फुटबॉलच्या नकाशाप्रमाणे तो कौल वाटून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. इंग्लंड आणि वेल्स यांनी ‘बाहेर’ म्हटले. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्क्यांनी ‘आत’ म्हटले. दोन दिवसांनी पॅरिसमध्ये वेल्सने उत्तर आयर्लंडला हरवले. चार दिवसांनी, २७ जून रोजी, इंग्लंड आइसलँडकडून हरून स्पर्धेबाहेर गेले आणि सामना संपताच प्रशिक्षकांनी राजीनामा दिला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी आपला राजीनामा तीन दिवस आधीच जाहीर केला होता. ‘एका आठवड्यात दोनदा युरोपबाहेर’ हा विनोद तेव्हा इतका झाला की, त्याचा पार चोथा झाला.

प्रीमियर लीगच्या वीसही क्लबांचा पाठिंबा मात्र युरोपात राहण्याला होता, आणि त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते, हिशेब होता. युरोपीय संघाच्या सदस्य देशांतल्या नागरिकांना एकमेकांच्या देशांत विनापरवाना काम करता येते. हा हक्क काय चीज आहे हे गोव्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते, आणि तो पासपोर्ट हातात आला की हजारो गोवेकर लिस्बनला न थांबता थेट इंग्लंडमधल्या स्विंडनला जात आणि तिथल्या गोदामांत, रुग्णालयांत कामाला लागत. कायद्याच्या नजरेत ते आणि युरोपातला फुटबॉलपटू एकाच रांगेत उभे होते. त्याच वाटेने सेस्क फाब्रेगास २००३ मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून आर्सेनलमध्ये आला. त्याच वाटेने फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणारा रियाद महरेझ जानेवारी २०१४ मध्ये अर्ध्या दशलक्ष पौंडांहूनही कमी किमतीत लेस्टरमध्ये आला, आणि मे २०१६ मध्ये, म्हणजे सार्वमताच्या जेमतेम सात आठवडे आधी, लेस्टरने प्रीमियर लीग जिंकून जगाला तोंडात बोट घालायला लावले.

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ती वाट बंद झाली. आधीच येऊन राहिलेल्या स्विंडनच्या गोवेकरांना तिथे कायम राहण्याचा हक्क मिळवता आला. नव्याने येऊ पाहणाऱ्यांना मात्र इतर परदेशी नागरिकांसारखीच व्हिसाची रांग लागली. फुटबॉलपटूंचेही तसेच झाले. त्यांच्यासाठी १ जानेवारी २०२१ पासून गुणांची पद्धत लागू झाली. खेळाडू आपल्या राष्ट्रीय संघाकडून किती खेळला, तो ज्या लीगमधून येतो तिचा दर्जा काय, तिथे त्याला किती मिनिटे मैदानावर मिळाली, त्याचा क्लब कितव्या क्रमांकावर आला आणि युरोपातल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत उतरला का, यावरून गुण मोजले जातात. पंधरा गुण भरले तर फुटबॉल संघटना शिफारसपत्र देते आणि त्या पत्रावर कामाचा व्हिसा मिळतो. मोठ्या देशाच्या राष्ट्रीय संघात नियमित असलेल्यांना ते आपोआप मिळते. थोडक्यात, जो आधीच नावारूपाला आला आहे त्याला दार उघडे, आणि ज्याला नावारूपाला यायचे आहे त्याने बाहेर थांबायचे. महरेझ त्या वेळी ज्या स्थितीत होता, त्या स्थितीतल्या खेळाडूला या मोजपट्टीवर पंधरा गुण जमवणे फार अवघड आहे.

ही मोजपट्टी कशी ठरली यात खरे राजकारण आहे. सरकारला ‘सीमांवर आपला ताबा आला’ हे मतदारांना दाखवायचे होते, आणि परदेशी तारे घरोघरी लोकप्रिय असल्यामुळे तो ताबा फुटबॉलवर फार कडकपणे चालवायचाही नव्हता. फुटबॉल संघटनेला राष्ट्रीय संघाची चिंता होती. परदेशी खेळाडू कमी झाले तर इंग्लिश मुलांना खेळायला मिळेल असा तिचा हिशेब होता आणि ब्रेक्झिटकडे ती संधी म्हणून पाहत होती. प्रीमियर लीगला मात्र जगभर विकायचा माल उत्तम दर्जाचा हवा होता. तिघांच्या ओढाताणीतून जी पद्धत निघाली ती कोणालाच पूर्ण पटली नाही. जून २०२३ मध्ये ती सैल करावी लागली: गुण पुरे न भरणारे काही होतकरू खेळाडू घेण्याची मुभा मिळाली, वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांना जास्तीत जास्त चार आणि त्याखालच्या दोन श्रेणींना दोन, मात्र एखाद्या क्लबाला त्यातल्या किती जागा मिळणार हे तो इंग्लिश खेळाडूंना किती मिनिटे खेळवतो यावर ठरते. दोन्ही बाजूंना थोडे-थोडे देणारी ही तडजोड अगदी ब्रिटिश म्हणावी अशी आहे.

क्लबांनी यातून पळवाटाही काढल्या. ब्रायटनने ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या कावासाकी फ्रोंताले या क्लबाकडून काओरु मितोमा हा खेळाडू विकत घेतला, तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये कामाचा परवाना मिळण्याजोगा नव्हता. म्हणून त्याला वर्षभरासाठी बेल्जियममधल्या युनियन सेंट-जिलवाझ या क्लबाला उसना दिला गेला. त्या क्लबातही ब्रायटनच्याच मालकांचा मोठा वाटा होता. तिथे तो चमकला, जपानच्या राष्ट्रीय संघात पक्का झाला आणि २०२२ मध्ये रीतसर ब्रायटनला आला. आंबा अढीत घालून पिकवावा आणि मग बाजारात आणावा, तसा हा प्रकार. दुसरीकडे, युरोपीय आणि बिगरयुरोपीय खेळाडू आता एकाच तराजूत मोजले जात असल्याने दक्षिण अमेरिकेतल्या तरुणांना उलट वाट सोपी झाली. इक्वेडोरचा मोइसेस काइसेडो फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या इंडिपेंडिएंते देल वाये या क्लबातून थेट ब्रायटनकडे आला आणि अडीच वर्षांनी चेल्सीने त्याच्यासाठी १०० दशलक्ष पौंड मोजले, वर १५ दशलक्षांपर्यंतच्या अटी. युरोपचे दार लोटल्यावर इंग्लिश मुलांना जागा मिळेल हा अंदाज होता. प्रत्यक्षात क्लब इक्वेडोरच्या किटोकडे वळले.

अठराच्या आतल्या मुलांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती ब्रिटिश कायद्यातून आलेली नाही हे लक्षात घेतले पाहिजे. लहान मुलांची फुटबॉलच्या नावाखाली देशोदेशी खरेदी-विक्री होऊ नये म्हणून फिफाने नियमावलीच्या एकोणिसाव्या कलमात अठरा वर्षांखालच्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय बदलीला बंदी घातली आहे. या बंदीला जे अपवाद आहेत, त्यातला एक युरोपीय संघातल्या देशांचा: तिथे सोळा वर्षांनंतर जाता येते. फाब्रेगास याच अपवादातून आला होता. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडताच हा अपवाद त्याच्या हातून गेला, तोही कोणी मुद्दाम काढून न घेता, आपोआप.

याचा सर्वांत मोठा फटका स्पेन किंवा फ्रान्सला बसला नाही. तो बसला आयर्लंड प्रजासत्ताकाला, ज्याने ब्रेक्झिटसाठी मतदान केले नव्हते आणि करणे शक्यही नव्हते. पिढ्यानपिढ्या डब्लिन किंवा कॉर्कमधला गुणी मुलगा सोळाव्या वर्षी आगबोटीत किंवा विमानात बसून लिव्हरपूल, मँचेस्टर, लीड्सला जात असे. आयरिश फुटबॉलची सगळी व्यवस्थाच त्यावर बेतलेली होती: मुलगा आम्ही शोधायचा, घडवायचा इंग्लंडने. आता विसंगती पाहा. आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना एकमेकांच्या देशांत राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क १९२० च्या दशकापासून चालत आलेल्या सामायिक प्रवास व्यवस्थेमुळे आहे, आणि तो ब्रेक्झिटनंतरही टिकला आहे. त्यामुळे डब्लिनचा सतरा वर्षांचा मुलगा लिव्हरपूलमध्ये जाऊन हॉटेलात बशा धुऊ शकतो, त्याला कोणी अडवणार नाही. तोच मुलगा लिव्हरपूलच्या क्लबात नाव नोंदवू शकत नाही. राज्याची सीमा उघडी आहे, खेळाची बंद आहे.

परिणामी काही मुले इंग्लंड टाळून युरोपातच जाऊ लागली. डब्लिनच्या शॅमरॉक रोव्हर्स क्लबाचा केव्हिन झेफी २०२१ मध्ये थेट इटलीच्या इंटर मिलानला गेला. बाकीची घरी थांबतात. सेंट पॅट्रिक्स अॅथलेटिकच्या मेसन मेलियाशी टॉटनहॅमने २०२५ च्या सुरुवातीला करार केला, पण त्याला क्लबात येण्यासाठी अठरा पूर्ण होऊन जानेवारी २०२६ उजाडावे लागले. तोपर्यंत तो डब्लिनच्याच मैदानांवर गोल करत राहिला आणि तिथल्या प्रेक्षकांना एक चांगला खेळाडू चार दिवस जास्त पाहायला मिळाला. आयरिश लीगच्या दृष्टीने हे वाईट झाले असे मला तरी वाटत नाही. प्रश्न एवढाच की, ज्या प्रशिक्षणाचा खर्च आजवर इंग्लंड करत होते तो आता आयरिश क्लबांच्या अंगावर आला आहे, आणि त्यांचे खिसे तितके खोल नाहीत.

आता माणसांकडून मालाकडे येऊ, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथे आहे. ‘ब्रिटन आणि युरोप यांच्यात शून्य शुल्काचा करार झाला आहे, मग जर्सीवर कर कसला?’ असे विचारले जाते. २०२० च्या नाताळच्या आदल्या दिवशी ठरलेला तो करार खरोखरच शून्य शुल्काचा आहे. पण तो ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बनलेल्या मालासाठी आहे. इंग्लिश क्लबांच्या जर्सी बहुतांशी आशियातल्या कारखान्यांत शिवल्या जातात. अशी जर्सी ब्रिटनच्या गोदामात येऊन पडली, तिच्यावर क्लबाचे बोधचिन्ह झळकले, म्हणून ती ‘ब्रिटिश माल’ होत नाही. ती ब्रिटनमध्ये उतरताना १२ टक्क्यांच्या आसपास शुल्क भरते आणि तीच पुढे डब्लिनच्या दुकानात घाऊक पाठवायची झाली तर युरोपच्या दारात पुन्हा तितकेच शुल्क लागू शकते. म्हणजे आपल्या जुन्या जकात नाक्यांसारखे: एकच ट्रक, एकच माल, आणि दर वेशीवर वेगळी पावती.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, क्लबाच्या दुकानात जर्सी ८४ पौंडांना आहे. त्यात २० टक्के व्हॅट धरलेला असल्याने मूळ किंमत ७० पौंड. ती डब्लिनमधल्या चाहत्याने मागवली तर ब्रिटिश व्हॅट उतरतो आणि आयर्लंडचा २३ टक्के चढतो. किंमत होते ८६ पौंड १० पेन्स. दोन पौंडांचा फरक, फार नाही. दीडशे युरोंपर्यंतच्या अशा सुट्या पार्सलवर सीमाशुल्कही सुरुवातीच्या वर्षांत लागत नव्हते. पण क्लबाने आयर्लंडचा कर आधीच वसूल करण्याची व्यवस्था केली नसेल तर तो कर चाहत्याला दारात भरावा लागतो आणि त्यावर कुरियर कंपनी ‘कागदपत्रांची हाताळणी’ म्हणून स्वतःची रक्कम लावते. पोराच्या वाढदिवसाला मागवलेली जर्सी दारात आलेली असते आणि कुरियरवाला पैसे घेतल्याशिवाय खोके हातात देत नाही, हा अनुभव २०२१ मध्ये आयर्लंडमध्ये घरोघरी आला. मोठ्या विक्रेत्यांनी यावर उपाय म्हणून युरोपातच गोदामे उघडली आणि आशियातला माल थेट तिकडे उतरवायला सुरुवात केली. खालच्या श्रेणीतल्या क्लबांना, ज्यांचे युरोपात मोजके दोनशे-तीनशे चाहते असतात, ते परवडत नाही. त्यांचे गिऱ्हाईक हळूहळू तुटते.

खाण्याच्या पदार्थांचे नियम याहून कडक आहेत. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ प्रवाशाला सोबत नेता येत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या बंदरावर तिथल्या अधिकाऱ्यांनी ब्रिटनहून आलेल्या ट्रकचालकांची हॅम सँडविचे काढून घेतली, आणि ‘पाव तरी ठेवू द्या’ म्हणणाऱ्याला तेही दिले नाही. ‘ब्रेक्झिटमध्ये आपले स्वागत’ असे हसत म्हणणारा तो अधिकारी दूरचित्रवाणीवर सगळ्या ब्रिटनने पाहिला. रॉटरडॅमला सामन्यासाठी निघालेल्या चाहत्यालाही तोच नियम आहे.

सीमा अडवते ती केवळ लंडन-ब्रसेल्सच्या, म्हणजे ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्या, भांडणामुळेच, असे मात्र नाही. पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा लँकेशायरमधला जुना, १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब विकत घेतला. कोंबडीच्या धंद्यातल्या मराठी मुलखातल्या घराण्याने इंग्लिश क्लब घेतल्याचे इकडे कौतुक झाले; तिकडे २०१२ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला, आणि ज्या सामन्यात हे पक्के झाले त्या सामन्यात रागावलेल्या प्रेक्षकांनी क्लबाच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. दुसऱ्या श्रेणीतले बहुतेक क्लब तोट्यात चालतात आणि मालकाने दर वर्षी पैसे ओतावे लागतात. गेल्या काही वर्षांत परकीय चलन कायद्याखालच्या एका चौकशीमुळे पुण्याहून ब्लॅकबर्नला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँकेची हमी लागू लागली. त्यामुळे लँकेशायरमधले चाहते दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखा पाठ करू लागले. ‘तारीख पे तारीख’ म्हणजे काय हे त्यांना आता कोणी समजावून सांगायला नको.

राहिला तिसरा नकाशा, मालाचा, ज्यावर ब्रिटनचे दोन भाग झाले आहेत. आयर्लंड बेटावर उत्तर आयर्लंड आणि प्रजासत्ताक यांच्यात सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आहे आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते आहेत. उत्तर आयर्लंडमधला अनेक वर्षांचा हिंसाचार थांबवणाऱ्या १० एप्रिल १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथली लष्करी ठाणी उठली आणि आज त्या सीमेवरून जाताना फलकांवरचे मैल किलोमीटरमध्ये बदलतात, एवढाच फरक कळतो. ब्रेक्झिटनंतर इथे कस्टम्सची चौकी बसवणे म्हणजे जुनी जखम उकरणे होते. पण चौकी कुठे तरी हवी, कारण दोन बाजूंचे नियम आता वेगळे. शेवटी असे ठरले की, मालाच्या बाबतीत उत्तर आयर्लंड युरोपचे नियम पाळेल आणि तपासणी ब्रिटनहून येणाऱ्या मालाची, समुद्र ओलांडून बंदरात उतरताना होईल. असे कोणताही ब्रिटिश पंतप्रधान कधी मान्य करणार नाही, असे तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या होत्या. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी ते मान्य केले.

त्यामुळे एकाच देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणाऱ्या सॉसेजना कागदपत्रे लागू लागली, आणि रोपांच्या मुळांना चिकटलेली ब्रिटिश मातीसुद्धा अडली. आपण पूर्ण ब्रिटिश आहोत हेच ज्यांच्या राजकारणाचे सार आहे, त्या युनियनवाद्यांना हे झोंबले. त्यांचा सर्वांत मोठा पक्ष असलेल्या डीयूपीने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकारातून अंग काढून घेतले आणि पुढची दोन वर्षे बेलफास्टला पूर्ण अधिकारांचे सरकार नव्हते. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात ठरलेल्या ‘विंडसर चौकट’ या कराराने बंदरात दोन मार्गिका केल्या: उत्तर आयर्लंडमध्येच राहणाऱ्या मालासाठी हिरवी, पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल. तरी कुरबुर संपली नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपचा वस्तूसुरक्षेचा नवा नियम उत्तर आयर्लंडलाही लागू झाला. विक्रेत्याचा एक जबाबदार प्रतिनिधी युरोपात किंवा उत्तर आयर्लंडमध्ये असला पाहिजे, असे तो सांगतो. ब्रिटनमधल्या कित्येक छोट्या विक्रेत्यांनी त्या दिवसापासून बेलफास्टला पार्सल पाठवणेच बंद केले.

आणि आता तो क्लब. डेरी सिटी. डेरी हे उत्तर आयर्लंडमधले दुसऱ्या क्रमांकाचे शहर, सीमेपासून हाकेच्या अंतरावर. नावावरूनच भांडण सुरू होते. आयर्लंडशी एकत्र येऊ इच्छिणारे राष्ट्रवादी ‘डेरी’ म्हणतात, युनियनवादी ‘लंडनडेरी’. हिंसाचाराच्या काळात, १९७१ मध्ये, पाहुण्या संघाची बस तिथे पेटवली गेली आणि त्यानंतर डेरीला घरचे सामने ब्रँडीवेल या आपल्या मैदानावर खेळू देणे बंद झाले. पन्नास किलोमीटर दूर कोलरेनला जाऊन ‘घरचे’ सामने खेळण्याला कंटाळून क्लबाने १९७२ मध्ये लीग सोडली. पुढची तेरा वर्षे त्या फुटबॉलवेड्या शहराला वरच्या दर्जाचे फुटबॉल नव्हते. १९८५ मध्ये फिफा आणि दोन्ही बाजूंच्या संघटनांच्या संमतीने डेरीने सीमेपलीकडच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या, लीगमध्ये प्रवेश घेतला, आणि चार वर्षांत लीग, प्रजासत्ताकाचा एफएआय कप आणि लीग कप हे तिन्ही एकाच मोसमात जिंकले.

तेव्हापासून हा क्लब तिन्ही नकाशांच्या रेघांवर उभा आहे. त्याचे मैदान नगरपालिकेच्या मालकीचे, म्हणजे ब्रिटिश कायद्याखाली. त्याची लीग डब्लिनहून चालणारी. दर पंधरवड्याला त्याची बस युरोपीय संघात जाते आणि त्याच रात्री परत येते. त्याच शहरातून आलेला जेम्स मॅक्लीन उत्तर आयर्लंडच्या एकवीस वर्षांखालच्या संघाकडून खेळला आणि नंतर प्रजासत्ताकाचा खेळाडू झाला. गुड फ्रायडे करारानुसार तिथे जन्मलेल्याला आयरिश नागरिकत्वाचा हक्क आहे आणि क्रीडा लवादाने २०१० मध्ये एका दुसऱ्या खेळाडूच्या प्रकरणात ती वाट वैध ठरवली होती. ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यातल्या प्रत्येक वाटाघाटीत तज्ज्ञ मंडळी नकाशे पसरून बसतात. त्यांनी एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी ब्रँडीवेलच्या दारात उभे राहून सीमेपलीकडच्या डोनेगलहून येणाऱ्या मोटारींच्या नंबरप्लेट पाहिल्या असत्या तर अर्धे काम लवकर उरकले असते.

२०२८ ची युरो स्पर्धा ब्रिटन आणि आयर्लंड मिळून भरवणार आहेत. मुळात पाचही संघटनांच्या प्रदेशांत सामने व्हायचे होते, पण बेलफास्टच्या केसमेंट पार्कचा पुनर्बांधणीचा अंदाज ४०० दशलक्ष पौंडांपलीकडे जाऊ लागला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या सरकारने स्पर्धेसाठी ते मैदान उभारायला पैसे द्यायला नकार दिला. त्यामुळे जिथे तिन्ही नकाशे एकमेकांना छेदतात तो प्रदेशच स्पर्धेतून गळला. उद्घाटनाचा सामना कार्डिफला, अंतिम लंडनच्या वेम्बलीला आणि मधले काही डब्लिनला, म्हणजे युरोपीय संघाच्या हद्दीत. कॅमेऱ्यांनी भरलेले ट्रक वेल्सहून आगबोटीने डब्लिनला जाताना प्रत्येक यंत्राची यादी आणि तात्पुरत्या आयातीचे कागद लागतील.

सँडविचचा प्रश्न मात्र तोपर्यंत सुटलेला असू शकतो. मे २०२५ मध्ये लंडन आणि ब्रसेल्स यांनी अन्न आणि शेतमालाच्या तपासण्या कमी करणारा करार करायचे ठरवले आणि २०२७ च्या मध्यापर्यंत तो लागू करण्याचा ब्रिटिश सरकारचा इरादा आहे. तसे झाले तर २०२८ च्या उन्हाळ्यात होलीहेडहून आगबोटीने निघालेला वेल्सचा चाहता पिशवीत हॅम सँडविच घेऊन राजरोस डब्लिनला उतरेल. त्याच बोटीच्या परतीच्या फेरीत बसू पाहणाऱ्या, पायात बूट आणि मनात लिव्हरपूल असलेल्या डब्लिनच्या सतरा वर्षांच्या मुलाला मात्र आणखी एक वाढदिवस घरीच साजरा करावा लागेल.